सदैव कामावर

पोलीस खात्याच्या आस्थापना शाखेत मी बरीच वर्षं लिपिक होते. अंगावर वर्दी नव्हती, पण वर्दीतल्या माणसांची आयुष्यं माझ्या कपाटात होती: सेवापुस्तकं, रजेचे अर्ज, बक्षिसांच्या नोंदी, कसुरी अहवाल, विभागीय चौकशीच्या जाडजूड नस्त्या. रस्त्यात ज्याला पाहून लोक चार पावलं बाजूला होत, तो मला ‘वेतनवाढ रोखली, दोन वेळा’ असा आठवायचा. माणसं चेहऱ्यावरून ओळखायच्या आधी मी त्यांना बक्कल नंबरावरून ओळखू लागले होते.

त्या नोकरीत एक वाक्य मी इतक्यांदा टाइप केलं की बोटांना ते पाठ झालं होतं. ‘आपले सदरचे वर्तन बेशिस्त, बेजबाबदार व पोलीस दलाची प्रतिमा मलिन करणारे आहे.’ नाव बदलायचं, तारीख बदलायची, वाक्य तेच. कोणी गस्तीच्या जागी सापडला नाही, कोणी पहाऱ्यावर झोपला, कोणी फिर्यादीला टोलवून लावलं, कोणी पैसे घेतले. सगळ्यांची प्रतिमा एकाच वाक्याने मलिन व्हायची.

त्यातली एक नस्ती अजून डोक्यातून जात नाही. एक बाई रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात गेल्या होत्या. मुलगा घरी आला नव्हता. टेबलावरच्या शिपायाने त्यांना ‘सकाळी या’ म्हणून सांगितलं. बाई गेल्या नाहीत, उजाडेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मुलगा पहाटे आपणहून घरी आला, तो भाग निराळा. बाईंनी सुवाच्य अक्षरात दोन पानी तक्रार लिहिली होती आणि त्यात शिवीगाळ, धक्काबुक्की असलं काही नव्हतं. ‘ते माझ्याशी बोलताना त्यांनी मान वर केली नाही,’ एवढंच एक वाक्य होतं, खाली रेघ मारलेलं. मला ते वाक्य लागलं. मी मुकाट्याने दोषारोपपत्राचा मसुदा टाइप केला. बेशिस्त, बेजबाबदार.

दुपारी दुसराच एक कागद शोधताना त्याच बक्कल नंबरचा रजेचा अर्ज हाती आला. मुलीच्या ऑपरेशनसाठी चार दिवस. त्यावर शेरा होता, ‘बंदोबस्तामुळे तूर्त शक्य नाही.’ मग उत्सुकतेपोटी मी हजेरीपट काढला. हा माणूस आदल्या सकाळी सात वाजल्यापासून बंदोबस्तात उभा होता. संध्याकाळी सुटला, आणि रात्रपाळीचा माणूस आजारी पडल्यामुळे त्यालाच टेबलावर बसवला. बाई आल्या तो त्याचा एकोणिसावा तास होता.

मी दोन्ही कागद घेऊन प्रमुख लिपिकांकडे गेले. “हे नस्तीला जोडू का?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मॅडम, चौकशी त्याच्या वर्तनाची आहे. हजेरीपटाची नाही.”

नियमाने ते बरोबर होते. मी कागद जागच्या जागी ठेवून दिले. ह्या लेखात पुढे जे लिहिणार आहे त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

पोलिसाने कसं वागावं हा प्रश्न आधुनिक पोलीस दलाइतकाच जुना आहे. लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील यांनी महानगर पोलीस उभे केले, तेव्हा चार्ल्स रोवन हे लष्करातून आलेले आणि रिचर्ड मेन हे बॅरिस्टर, असे दोन आयुक्त नेमले होते. त्यांनी शिपायांना ज्या सूचना दिल्या त्यांत एक गोष्ट ठळक होती: रागावर पूर्ण ताबा असणं याच्याइतका पोलिसाला आवश्यक दुसरा गुण नाही. समोरचा काहीही बोलो, कशीही धमकी देवो, आपण चळायचं नाही. पहिली गस्त २९ सप्टेंबरला निघाली. वॉरंट क्रमांक एक, म्हणजे दलातला पहिला नेमणूक क्रमांक, ज्याला मिळाला होता तो शिपाई त्याच दिवशी दारूच्या नशेत सापडला आणि नोकरीतून गेला. सूचना छापून झाल्या होत्या, शाई वाळली नव्हती. मला हा किस्सा आवडतो, कारण माझं सगळं कपाटच ह्या किश्शाचा विस्तार होतं.

पण त्याच दलाची दुसरी एक तारीख कमी लोकांना ठाऊक असते. त्या शिपायांना आठवड्याची हक्काची सुट्टी कायद्याने मिळायला १९१० साल उजाडावं लागलं. रागावर ताबा ठेवण्याची सूचना पहिल्या दिवसापासून होती, आठवडी सुट्टी एक्याऐंशी वर्षांनी आली. आणि ती आल्यावरही सगळं सुरळीत झालं असं नाही. ३० ऑगस्ट १९१८ ला लंडनचे पोलीस संपावर गेले, जवळपास सगळं दलच. पगार आणि संघटनेचा हक्क, या मागण्या. पुढच्या वर्षी पुन्हा संप झाला तेव्हा सरकारने संपकऱ्यांना बडतर्फ केलं, कोणालाही परत घेतलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत बोस्टनचे अकराशेच्या वर पोलीस संपावर गेले. त्यांनाही परत घेतलं नाही. त्यांच्या जागी जे नवे भरले त्यांना मात्र जास्त पगार दिला. म्हणजे मागणी रास्त होती, मागणारे चालत नव्हते.

आपल्याकडचा १८६१ चा पोलीस कायदा मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचला. त्याचं कलम बावीस म्हणतं की पोलीस अधिकारी ‘सदैव कामावर’ आहे असं मानलं जाईल. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही तेच, कलम अठ्ठावीस. कायद्याला म्हणायचं होतं की सुट्टीवर असलास तरी समोर गुन्हा घडताना बघत उभा राहू नकोस. त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ झाला तो असा, की ह्याला केव्हाही बोलवा, कितीही थांबवा, कुठेही पाठवा. त्याच १८६१ च्या कायद्याच्या सातव्या कलमात शिक्षा आहेत. बडतर्फी, निलंबन, पदावनती, एका महिन्याच्या पगारापर्यंत दंड, आणि पंधरा दिवसांपर्यंत निवासात कोंडून ठेवणं, सोबत शिक्षेची कवायत, जादा पहारा. जादा पहारा ही शिक्षा! जे काम लोकांनी विश्वासाने सोपवलेलं आहे तेच काम दंड म्हणून द्यायचं. पहाऱ्यावर उभ्या असलेल्या दोघांत कोण कर्तव्य करतोय आणि कोण शिक्षा भोगतोय, हे समोरून जाणाऱ्याने कसं ओळखायचं? समोरून जाणाऱ्याचं सोडा, आतल्यालाही काही दिवसांनी ते कळेनासं होतं.

मराठीत ‘वड्याचं तेल वांग्यावर’ म्हणतात. आस्थापना शाखेच्या खिडकीतून हे तेल कुठून निघतं आणि कुठे पडतं ते फार स्वच्छ दिसायचं. सकाळच्या हजेरीला वरच्याने खालच्याला चारचौघांत अरे-तुरे केलं, की दुपारी तो खालचा फिर्यादीला अरे-तुरे करायचा. तेच शब्द, कधी कधी तोच स्वर. टॉम टायलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर एकच गोष्ट तपासली: माणसं कायदा का पाळतात? निव्वळ शिक्षेच्या भीतीपेक्षा आपल्याशी रीतीने वागलं जातंय, आपलं म्हणणं ऐकलं जातंय, ह्या भावनेचा वाटा मोठा असतो, असं त्याने दाखवलं. पुढच्या अभ्यासकांनी तोच प्रश्न पोलीस दलाच्या आत नेला, आणि उत्तर बरंचसं तेच आलं. वरिष्ठ आपल्याशी न्यायाने वागतात असं ज्यांना वाटतं, ते लोकांशीही तसं वागायला जास्त राजी असतात. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. हे कळायला माझ्या टेबलावरच्या दोन कागदांचे आवक क्रमांक पुरले असते.

मात्र इथे थोडं थांबलं पाहिजे, नाहीतर हा लेख वकीलपत्र होईल. त्याच ठाण्यात, त्याच आठवड्यात, तितकेच तास उभा राहिलेला दुसरा एक शिपाई होता. त्याच्याबद्दल नागरिकाचं आभाराचं पत्र आलं होतं. रात्री अपघाताची खबर द्यायला आलेल्या घाबऱ्या म्हाताऱ्याला त्याने स्वतःची खुर्ची दिली आणि खबर लिहून घेताना शेजारी उभा राहिला. तास सारखे, पगार सारखा, साहेब तोच. तेव्हा थकवा हे उत्तर नाही. बाई बाकावर बसून होत्या त्या रात्री त्यांचा मुलगा हरवलेला होता. शिपाई किती तास जागा आहे हे मोजण्याची जबाबदारी त्यांची नव्हती. मान वर करायला ताकद लागत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या नस्तीत दोन माणसांची चौकशी व्हायला हवी होती आणि झाली एकाची. जादा पहारा लावणाऱ्याच्या वर्तनासाठी माझ्याकडे छापील वाक्यच नव्हतं.

पैसे खाणाऱ्यांच्या नस्त्यांनी मला निराळंच काही शिकवलं. न्यूयॉर्कमधल्या पोलिसांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करायला १९७० साली नॅप आयोग नेमला गेला. १९७२ च्या अहवालात त्याने भ्रष्ट पोलिसांचे दोन प्रकार सांगितले: गवत खाणारे आणि मांस खाणारे. मांस खाणारे शिकारीला निघतात, पैसा शोधत हिंडतात. गवत खाणारे समोर आलेलं तेवढं घेतात. आयोगाचं म्हणणं, खरी अडचण गवत खाणाऱ्यांची आहे, कारण ते संख्येने जास्त असतात आणि त्यांच्यामुळे घेणं ही सभ्य गोष्ट होऊन बसते. ‘टोपलीतलं एखादंच सफरचंद नासकं’ ही समजूत सुधारणेच्या आड येते, हेही आयोगाने बजावलं होतं.

आमच्याकडे नासक्या फळाचं काय व्हायचं? ते दुसऱ्या टोपलीत जायचं. बदली. तक्रारी वाढल्या की माणूस मुख्यालयाला जमा, आणि गवगवा ओसरला की लांबच्या ठाण्याला. आदेश मीच काढायचे, ‘प्रशासकीय कारणास्तव’. एकदा अशा लांबच्या ठाण्यातून ओळखीचा हवालदार कामासाठी आला होता. सहज विचारावं तसं त्याने विचारलं, “मॅडम, त्याला शिक्षा म्हणून आमच्याकडे पाठवलात. आमच्या गावांनी काय गुन्हा केलाय?” मी जावक नोंदवहीत तोंड खुपसलं. काही ठिकाणी काम करणं हीच शिक्षा, असं एकदा खात्याने ठरवलं की तिथल्या लोकांच्या वाट्याला कायम शिक्षा भोगणारी माणसंच येतात.

आणि चौकशा. त्या लांबतात, इतकं म्हणून पुढे जाता येणार नाही. निलंबित माणूस निर्वाह भत्त्यावर घरी बसतो, साक्षीदार फिरकत नाहीत, चौकशी अधिकाऱ्याची बदली होते, नवा पहिल्यापासून वाचायला घेतो. शेवटी निकाल लागतो तेव्हा तक्रारदाराने आशा सोडलेली असते. दोषी असेल तर त्याला तेवढा काळ फुकट मिळतो, निर्दोष असेल तर तेवढा काळ त्याचा जातो. ही फक्त आमची कथा आहे असं मला वाटायचं. लंडनमध्ये २०२१ साली एका सेवेतल्या पोलिसाने एका तरुणीचं अपहरण करून खून केला, त्यानंतर लुईझ केसी यांनी त्या दलाची झाडाझडती घेतली. त्यांच्या २०२२ च्या अंतरिम अहवालात आहे की गैरवर्तनाचा आरोप निकाली काढायला सरासरी चारशे दिवस लागत होते. २०१३ पासून ज्यांच्यावर एकाहून जास्त प्रकरणं होती असे १,८०९ जण निघाले. त्यांतले बडतर्फ झाले तेरा. आकडा वाचून मी पान उलटलं नाही, परत वाचलं. जिथे रागावर ताबा ठेवण्याच्या सूचना सर्वांत आधी छापल्या, तेच हे दल.

नियमांची वानवा कुठेच नाही. १७ डिसेंबर १९७९ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने कायदा राबवणाऱ्यांसाठी आचारसंहिता मंजूर केली. आठच कलमं. माणसाची प्रतिष्ठा राखा, बळ अगदी गरजेपुरतंच वापरा, कोठडीतल्याच्या प्रकृतीची काळजी घ्या, भ्रष्टाचार करू नका. आठवं कलम सगळ्यांत अवघड: संहितेचा भंग झाला किंवा होऊ घातला असं दिसलं तर वरिष्ठांना कळवा. कागदावर दोन ओळी. सहकाऱ्याने कोठडीत हात उचलला असं कळवणाऱ्या एका शिपायाची नस्ती माझ्याकडे होती. ज्याने हात उचलला त्याची चौकशी झाली, हे नाकारत नाही. पण ज्याने कळवलं त्याची पुढची तीन वर्षं रात्रपाळी. त्यात कोणी कुठला आदेश काढला नव्हता, त्यामुळे नस्तीत काहीही नव्हतं. हजेरीपट सलग लावून बघितले तरच दिसायचं. हजेरीपट हे शिक्षेचं सगळ्यांत शांत हत्यार आहे. त्याला कारणे दाखवा नोटीस लागत नाही, अपील नसतं, टंकलेखनही नसतं.

म्हणून मला सर्वोच्च न्यायालयाच्या २२ सप्टेंबर २००६ च्या, पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंह निकालातली गाजलेली कलमं सोडून एक कोपरा जवळचा वाटतो. त्या सात निर्देशांची चर्चा होते ती महासंचालकांच्या दोन वर्षांच्या मुदतीवर, राजकीय हस्तक्षेपावर. पण त्यांतल्या एकाने पोलीस आस्थापना मंडळ मागितलं, बदल्या-बढत्या ठरवायला आणि त्याबद्दलची गाऱ्हाणी ऐकायला. दुसऱ्याने तक्रार प्राधिकरण मागितलं, लोकांची पोलिसांविरुद्धची तक्रार ऐकायला. ही दोन दारं एकाच निकालात शेजारी शेजारी आहेत हे कोणाच्या लक्षात येतं का, मला शंका आहे. एकातून शिपाई आत येतो, दुसऱ्यातून बाकावर बसलेली बाई.

चांगला अधिकारी मी पाहिला नाही असं नाही. एक साहेब होते, त्यांची ऑर्डर्ली रूम उलटी चालायची. ऑर्डर्ली रूम म्हणजे साहेब शिपायांना समोर बोलावून कसुरी आणि विनंत्या ऐकतात ती बैठक. इतरांकडे आधी कसुरी, मग वेळ उरला तर विनंत्या, आणि वेळ बहुधा उरायचा नाही. हे साहेब आधी विनंत्या घ्यायचे. रजा, घर, आजारपण, मुलांची शाळा. मग कसुरी. आणि कसुरीत ते कडक होते, माझ्या पाहण्यात सगळ्यांत कडक. त्यांच्या काळात शिक्षा कमी झाल्या का? झाल्या नाहीत. अपिलं मात्र कमी आली. शिक्षा घेऊन बाहेर पडलेला माणूस माझ्या खिडकीशी येऊन शिव्या घालायचा नाही, एवढा फरक मला दिसला. त्यांची बदली झाल्यावर ऑर्डर्ली रूम पुन्हा सुलटी झाली. माणसाने बदललेली रीत माणसाबरोबर जाते.

तरी एक अपवाद आठवतो आणि तो वरून आलेला नव्हता. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना होती तिथल्याच एका शिपायाची. त्याने गणित मांडून दाखवलं होतं की आहे त्या मनुष्यबळात तीन पाळ्या बसतात. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते ऐकून घेतलं आणि करून पाहिलं. माणसं कमी आहेत म्हणून तास वाढवावे लागतात, हे वाक्य तोवर मी भिंतीवरच्या घड्याळासारखं गृहीत धरलं होतं. ते गणित सुटू शकतं असं कोणाच्या मनात आलं, तर ते ज्याचे पाय दुखत होते त्याच्या. आम्ही कार्यालयातल्यांनी इतकी वर्षं हजेरीपट फाइलला लावले, कोणी त्याची बेरीज करून पाहिली नाही. मी धरून.

बाईंना ‘सकाळी या’ म्हणणाऱ्या त्या शिपायाची एक वेतनवाढ वर्षभरासाठी रोखली गेली. आदेश मीच टाइप केला. महिनाभराने तो खिडकीशी आला. मला वाटलं, आता हा आवाज चढवणार. तो म्हणाला, “मॅडम, त्या बाईंचं बरोबर होतं. मी मान वर केली नव्हती.” मग थोडं थांबून, “अपील करायचंय. माझ्या रजेच्या अर्जाचा आवक नंबर मिळेल?”

कागद देता येत नव्हता. नंबर सांगायला कुठला नियम आड येत नव्हता. मी नोंदवही काढून नंबर आणि तारीख वाचून दाखवली. मग पानं उलटून, त्याने न विचारता, त्या रात्रीच्या हजेरीपटाचा जावक नंबरही. त्याने खिशात कागद चाचपला, सापडला नाही, तेव्हा तळहातावर लिहून घेतले दोन्ही. “मुलगी कशी आहे?” मी विचारलं. “बरी आहे. ऑपरेशनला मेहुणा होता,” तो म्हणाला, आणि शाई पुसली जाऊ नये म्हणून हात उघडा धरूनच जिना उतरला.

त्या अपिलाचा निकाल लागायच्या आत माझं टेबल बदललं.